शब्दचर्चा: सूडपटावरच्या अभिप्रायांत कोणता शब्द कुठे?

सांगली: नमस्कार मंडळी. वाचनालयात 'किल बिल'चे दोन्ही भाग (२००३ आणि २००४) दाखवले. लग्नाच्या तालमीतच जीवावर उठलेल्या जुन्या साथीदारांवर आणि त्यांच्या म्होरक्या बिलवर एक बाई सूड घेते, त्याची ही गोष्ट. प्रेक्षकांनी लिहून दिलेल्या अभिप्रायांचं एक पान भिंतीवर लावायचं आहे. मतं झकास आहेत, शब्दांचा मात्र काला झालाय. एकाच प्रसंगाला कुणी हाणामारी म्हणतं, कुणी चकमक, कुणी कत्तल. बाईच्या सुडाला तर बदला, उट्टं, वचपा, डूख, पारिपत्य असे सगळे शब्द आलेत. कुणाचं मत बदलायचं नाही, शब्द तेवढे जागच्या जागी बसवायचे आहेत.

वाई: आधी लढतींचं बघू. पहिल्या भागातल्या तीन मोठ्या लढतींची जात वेगवेगळी आहे. व्हर्निटा ग्रीन या जुन्या साथीदारणीच्या घरात होते ती झटापट. दोघीच, जागा अपुरी, सामान फुटतंय, हाताला येईल ते हत्यार. टोकियोतल्या 'हाउस ऑफ ब्लू लीव्ह्ज'मध्ये एक बाई विरुद्ध अख्खी टोळी, ती धुमश्चक्री. मागच्या बागेत बर्फावर टोळीची म्होरकी ओ-रेन इशी हिच्याशी होतं ते द्वंद्व, कारण तिथे दोघी ठरवून समोरासमोर उभ्या राहतात. चकमक लिहू नका. चकमक म्हटलं की पोलीस आणि बंदुका. खडाजंगी तर आता फक्त तोंडानेच होते, तीही सभेत.

सांगली: आणि कत्तल? एकांनी '८८ जणांची कत्तल' लिहिलंय.

वाई: कत्तल न लढणाऱ्यांची होते. चॅपेलमध्ये लग्नाच्या तालमीला जमलेल्या माणसांची झाली ती कत्तल. टोळीवाले हातात तलवारी घेऊन आलेत, त्यांचा 'खच पडला' म्हणा. ८८ हा आकडाही काढा. टोळीचं नाव 'क्रेझी ८८' आहे, पण ते खरोखर तेवढे नव्हते हे दुसऱ्या भागात बिलच सांगतो.

मिरज: अहो सांगलीकर, दोन-चार अभिप्राय जसेच्या तसे टाका की. वाक्य दिसल्याशिवाय शब्दाचं काय सांगणार?

सांगली: घ्या.
'नायिका सपासप वार करत सुटते.'
'सगळं हॉटेल रक्ताच्या थारोळ्यात.'
'रक्त खोटं वाटतं, त्यामुळे मजा गेली.'
'बर्फातली मारामारी फार स्लो, पकड नाही.'
'पट्टा फिरवावा तर हिनेच.'
'स्टाइल भरपूर, जीव नाही.'
'शेवट फुसका.'

मिरज: पहिली दोन वाक्यं थेट गुन्हेवृत्ताच्या पानावरून उचललीत. 'कोयत्याने सपासप वार', 'रक्ताच्या थारोळ्यात आढळला' हे आपण सकाळी चहाबरोबर वाचतो. त्यामुळे सपासप म्हटलं की डोळ्यांपुढे चौक, दुचाकी आणि पंचनामा येतो, सिनेमा येत नाही. अर्थानेही हा शब्द इथे बसत नाही. सपासप म्हणजे एकाच देहावर भराभर, नेम न धरता केलेले वार. सिनेमात उलट आहे. एका माणसाला एक घाव, आणि त्या घावाचा निकाल तिथल्या तिथे. हात छाटला, मुंडकं उडवलं, पाय तोडला. अवयवागणिक क्रियापद बदलतं तेही सांभाळा. मुंडकं 'कापलं' म्हटलं की जोर जातो आणि बोट 'उडवलं' म्हटलं की हसू येतं.

आता थारोळं. ते जमिनीवर साचलेलं असतं, त्यात कुणीतरी पडलेलं असतं आणि सगळं होऊन गेलेलं असतं. या सिनेमातलं रक्त बहुतेक वेळ हवेत आहे. त्याच्यासाठी आपल्याकडे चिळकांडी आहे. दाबाने उडालेली बारीक धार म्हणजे चिळकांडी. ती पसरली तर फवारा, सरळ वर जाऊन टिकली तर कारंजं. ओ-रेन टेबलावर चढून बॉस तनाकाचं मुंडकं उडवते तेव्हा मानेतून येतं ते कारंजं. भळभळ, ओघळ हे शब्द जखमेच्या आणि दुखण्याच्या बाजूचे, ते दुसऱ्या भागाला जास्त शोभतात. लोकांचं निम्मं भांडण यातच आहे बघा. थारोळं लिहिणाऱ्याला किळस आलेली असते आणि चिळकांडी लिहिणारा मनात हसत असतो.

वाई: कारंज्यावरून एक जोड. जपानी दिग्दर्शक कुरोसावांच्या 'सान्जुरो'च्या (१९६२) शेवटी दोन तलवारबाज कितीतरी वेळ निश्चल उभे राहतात, मग एकच घाव आणि छातीतून रक्ताचा लोट. जपानी तलवारपटांत ही रीतच पडली, आणि 'किल बिल'ने ती उघडपणे उचलली. म्हणून 'रक्त खोटं वाटतं' हे निरीक्षण अचूक आहे, फक्त 'खोटं' या शब्दात फसवल्याचा आरोप येतो. 'नाटकी' लिहिलंत तर तक्रारही राहते आणि आरोपही टळतो.

सांगली: वाईकर, तुम्ही विश्वकोशाच्या गावचे. मग त्या स्टाइलचं सांगूनच टाका. 'शैलीदार' करू का?

वाई: शैलीदार नको. फलंदाज शैलीदार असतो, सही शैलीदार असते. त्यात फक्त देखणेपणा आला. इथे अख्ख्या सिनेमाने ठरवलंय की आपण खऱ्यासारखं वागायचंच नाही. टोळीशी चाललेली लढत मधूनच कृष्णधवल होते (जपानी आवृत्तीत तोच भाग रंगीत आहे), मग निळ्या पडद्यापुढे नुसत्या छायाकृती लढतात. ओ-रेनचं बालपण तर सरळ ॲनिमेशनमध्ये सांगितलंय. याला 'शैलीबद्ध' म्हणतात. त्याहून जुनी जोडी हवी असेल तर भरताच्या नाट्यशास्त्रातली घ्या, लोकधर्मी आणि नाट्यधर्मी. लोक वागतात तसं दाखवणं लोकधर्मी, रंगभूमीचे संकेत पाळून दाखवणं नाट्यधर्मी. सांगलीत तर हे समजावून सांगायची गरज नसावी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली तुमच्याच गावात 'सीतास्वयंवर' केलं. त्या परंपरेतला राक्षस 'अलल्डुर्र' ओरडत, तलवार फिरवत यायचा तेव्हा राक्षस असा ओरडतो का हे कुणी विचारत नव्हतं.

मिरज: भिंतीवरच्या पानावर 'नाट्यधर्मी' नका लावू बुवा, लोक पुढचं वाचायचे नाहीत. 'शैली भरपूर, जीव नाही' एवढं पुरे. जीव हा शब्द तर मुळीच हलवू नका.

कऱ्हाड: 'बर्फातली मारामारी स्लो' यावर बोलू द्या. कुस्तीत सलामी झाली की पैलवान लगेच भिडत नाहीत. हात हातात देऊन, मान दाबून, ढकलून एकमेकाचा जोर आजमावतात, त्याला खडाखडी म्हणतात. लांबली की शिट्ट्या सुरू होतात, पण जाणकार तेव्हा पायांकडे बघत असतात. बागेतला पहिला भाग ही निव्वळ खडाखडी आहे. तिथला आवाज ऐका. बांबूची नळी पाण्याने भरली की तोंडाकडे कलंडते, रिकामी झाली की मागे पडते आणि बूड दगडावर टक्कन आपटतं. मागे संगीत जोरात चाललेलं आणि मध्ये हा ठराविक टक्. दोघी त्या टकटकीत एकमेकींना जोखतात. अभिप्रायाखाली कंसात 'खडाखडी लांबली असे म्हणणे' टाका. मत तेच राहील, आणि कुंडलचं मैदान बघितलेल्या माणसाला नेमकं कळेल.

पकडीचंही तेच. 'पकड नाही' हे कथेबद्दल असेल तर ठीक. लढतीबद्दल असेल तर चूक, कारण तलवारीच्या लढतीत पकड नसते, पल्ला असतो. दोघींमधलं अंतर पाऊलभर कमी-जास्त झालं की कोण मरणार ते ठरतं.

सांगली: मग 'डाव' तलवारीला चालतो का? 'पवित्रा' बऱ्याच जणांनी वापरलाय.

कऱ्हाड: डाव मातीतला. धोबीपछाड, ढाक, कलाजंग हे डाव, आणि डावाला असते ती तोड. शस्त्राला वार, आणि वार अडवतात, झेलतात नाहीतर चुकवतात. हूल दोन्हीकडे चालते. डोक्यावर मारतोय असं दाखवून पायावर मारणं ही हूल. पवित्र्याची मात्र पुढाऱ्यांनी वाट लावली, 'आक्रमक पवित्रा' म्हणजे आता नुसतं पत्रक काढणं. मर्दानी खेळात पवित्रा पायाचा असतो. कोणता पाय पुढे, भार कशावर, तिथून कुठे वळता येतं. हे सगळं पडद्यावर दिसत असेल तर शब्द ठेवा. नुसती ऐटीत उभी असेल तर 'पोज' लिहा, त्यात काही कमीपणा नाही.

सातारा: पट्ट्याचं वाक्य मात्र बदलायलाच हवं. पट्ट्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंत येणारं लोखंडी हस्तत्राण. आतली आडवी मूठ धरली की मनगट बांधलं जातं, सगळा फेर खांद्यातून आणि कमरेतून येतो. पातं सरळ, लांब, लवचिक आणि दुधारी. काताना, म्हणजे सिनेमातली जपानी तलवार, नेमकी उलटी. पातं किंचित वाकडं, एकाच बाजूला धार, साधारण साठ-सत्तर सेंटिमीटर, मूठ दोन हात मावतील एवढी लांब, आणि मनगट मोकळं. आपल्या तलवारीला परज, म्हणजे मुठीवरच्या बोटांपुढची आडपट्टी, असते आणि मुठीच्या टोकाला वाटीसारखी चकती, म्हणून ती एका हाताची. कातानाला परज नाही, पातं आणि मूठ यांच्यामध्ये गोल तबकडी असते. तेव्हा 'काताना' किंवा साधं 'तलवार' लिहा. पट्टा नको, समशेर नको.

क्रियापदंही बघून घ्या. पट्टा फिरवतात, दांडपट्टा खेळतात, तलवार उपसतात आणि चालवतात. काताना कमरेला धार वर ठेवून खोचतात, त्यामुळे उपसता उपसताच वार होतो. तिथे 'म्यानातून तलवार काढली आणि मग वार केला' असं लिहिलं की एका हालचालीचे दोन तुकडे पडतात. 'उपसताच छाटला' म्हणा.

सांगली: ओ-रेनची अंगरक्षक गोगो, तिच्या हातातल्या साखळीला काय म्हणायचं? 'गोफण' लिहिलंय एकीने.

सातारा: गोफणीतला दगड सुटून जातो, परत येत नाही. गोगो युबारीचा गोळा साखळीला बांधलेला, फेकला की ओढून परत येतो. त्या तत्त्वाचं आपल्याकडचं हत्यार विटा. मनगटाला दोरी बांधलेला भाला, मारायचा आणि हिसका देऊन परत घ्यायचा. पण विटा लिहिलात तर खानापूर तालुक्यातलं विटा गाव समजून लोक पत्ता विचारतील. 'साखळीचा गोळा' लिहा, चित्र स्पष्ट होतं.

शिराळा: सूड राहिला की राव. डूख कुणी लिहिलंय त्याला माझ्याकडून दाद! डूख सापाने धरायचा असतो, आणि या सिनेमात सगळेच साप आहेत. नायिकेचं टोपणनाव ब्लॅक मांबा, ओ-रेन कॉटनमाउथ, व्हर्निटा कॉपरहेड, बड साइडवाइंडर, एल कॅलिफोर्निया माउंटन स्नेक. बिलचं नाव स्नेक चार्मर, म्हणजे आपला गारुडी. बड मरतो तोही पैशांच्या पेटीत ठेवलेला ब्लॅक मांबा चावून. साप खरा डूख धरत नाही, तेवढी त्याची आठवण नसते, हे शिराळ्यात पोरालाही ठाऊक आहे. पण म्हण म्हणून इथे याच्याइतकं चपखल दुसरं काही बसायचं नाही. फक्त डूख 'धरतात', 'घेत' नाहीत.

वाई: बरोबर, आणि डूख ही आधीची अवस्था. नायिका चार वर्षं बेशुद्ध होती, उठल्यावर डूख धरला, मग सूड घेतला. सूड उगवतातही. उट्टं काढतात किंवा फेडतात, आणि फेडणं हे क्रियापद कर्जाचंच. तिच्या वहीतली पाच नावांची यादी अशीच वाचायची. व्हर्निटाचं नाव खोडताना वरचं ओ-रेनचं नाव आधीच खोडलेलं दिसतं, म्हणजे नंतर दाखवलेली टोकियोची लढत आधी होऊन गेलेली आहे. 'कथा उलटसुलट, काही कळत नाही' असा अभिप्राय असेल तर हा खुलासा छोट्या टायपात टाकायला हरकत नाही.

वचपा हलका शब्द. मागच्या सामन्यातल्या पराभवाचा वचपा काढतात, खुनाचा नाही. पारिपत्य राजा करतो, सरकार करतं. तिच्या हातात सत्ता नाही, म्हणून पारिपत्य काढून टाका. बदला चालेल, फक्त त्याला हिंदी सिनेमाच्या पोस्टरचा वास येतो. या सिनेमाला तो वास मुद्दाम हवा असेल, तर ठेवा.

मिरज: अजून एक. 'फाइट कोरिओग्राफी उत्तम' असं कुणी ना कुणी लिहिलं असणारच. नाच बसवतात, नाटक बसवतात, तसं 'युएन वू-पिंग यांनी लढती सुरेख बसवल्यात' लिहा. आणि ट्रॅकसूट 'यलो कलरचा' नको, पिवळाधमक. ब्रूस ली 'गेम ऑफ डेथ'मध्ये घालतो तशाच धाटणीचा. हळदीच्या पेठेत बसून यलो कसलं लिहिताय!

सांगली: राहिला 'शेवट फुसका'. शेवटी बिलशी तलवारी धड चालतच नाहीत. दोघं खुर्च्यांवर बसलेले, ती छातीवर पाच ठिकाणी बोटं मारते, तो उठून पाच पावलं चालतो आणि पडतो. त्या डावाचं नाव भलतंच लांबलचक आहे, त्याचं भाषांतर करू?

कऱ्हाड: करू नका. 'हृदय फोडणारा पंचबिंदू पंजा' असलं काहीतरी होईल आणि पोरं खिदळतील. 'मर्मावर बोटं' एवढं पुरे. कुस्तीच्या हिशेबाने ही झटपट निकाली. भिडले आणि चितपट, मधे काही नाही. दोन भाग वाट बघायला लावून निकाल क्षणात लागला की पब्लिक असंच बोलतं.

मिरज: फुसका तसाच ठेवा. दुसऱ्या बाजूचा अभिप्राय असेल तर त्याच्या शेजारी लावा, 'झटपट निकाली' वाला. आणि शेवट सांगितलाय अशी सूचना पानाच्या वर ठळक टाका, नाहीतर दुसरा भाग न बघितलेले तुमच्यावरच डूख धरतील.