'हायड्रोसील' या शब्दातील 'सील' म्हणजे काय?

धानाचा बांध (भंडारा जिल्हा)
नमस्कार. माझ्या वडिलांच्या उजव्या अंडकोशाला दोन वर्षांपासून सूज असून रुग्णालयाच्या कार्डावर 'हायड्रोसील' असे लिहिले आहे. आजी त्यालाच 'अंतर्गळ' म्हणते, आणि पाणी आत सीलबंद झाले म्हणून हायड्रोसील, असाही खुलासा गावात ऐकायला मिळतो. 'हायड्रो' म्हणजे पाणी, हे हायड्रोजनवरून कळते. पण 'सील' कोठून आले? आणि अंतर्गळ तो हाच का?

जुनी पोथी
सीलबंदचा खुलासा मजेदार असला तरी खरा नाही. मूळ ग्रीक शब्द 'केले' असून त्याचा अर्थ फुगवटा, गाठ किंवा अंतर्गळ असा होतो. लॅटिनमार्गे इंग्रजीत येताना त्याचा उच्चार 'सील' झाला. शिरा फुगल्या की व्हेरिकोसील आणि रक्त साठले की हिमॅटोसील, ही त्याचीच भावंडे होत. अर्थात हायड्रोसील म्हणजे केवळ 'पाण्याचा फुगवटा'. तो कशामुळे झाला, याविषयी हा शब्द काहीच बोलत नाही.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वृद्धीचे, म्हणजे अंडकोश सुजण्याचे, सात प्रकार सांगितले असून त्यांतील 'मूत्रवृद्धी' वडिलांच्या आजाराशी जुळते. रोगी चालू लागला की ती पाण्याने भरलेल्या पखालीसारखी हिंदकळते, असे वर्णन तेथे आहे. निरीक्षण इतके अचूक, पण कारण मात्र लघवी तुंबवून ठेवण्याचे दिले आहे! प्रत्यक्षात ते पाणी लघवीचे नसते. वृषणाभोवतीच्या दुपदरी आवरणात ते साठते. आतडे उतरण्याला सुश्रुताने 'अंत्रवृद्धी' असे वेगळे नाव दिले आहे. आजीच्या 'अंतर्गळ' या एका शब्दात मात्र दोन्ही आजार सामावतात.

रात्रपाळी (गडचिरोली)
मी हत्तीरोगाच्या कामात असल्यामुळे कारणाविषयी लिहितो. हायड्रोसीलची कारणे अनेक असली, तरी पूर्व विदर्भात हत्तीरोगाचा विचार आधी करावा लागतो. या रोगाचे जंतू क्युलेक्स डासांमुळे पसरतात आणि रात्रीच रक्तात फिरतात, म्हणूनच आम्ही लोकांना झोपेतून उठवून बोटातून रक्त घेतो व शिव्याही खातो. विशेष म्हणजे या जंतूंची पिल्ले प्रथम दिसली ती हायड्रोसीलच्याच पाण्यात: 1863 मध्ये पॅरिस येथे देमार्के या शल्यचिकित्सकाने हवानाहून आलेल्या एका रोग्याच्या अंडकोशातील पाणी तपासले, तेव्हा. सुश्रुतानेही वृद्धी आणि श्लीपद, म्हणजे हत्तीपाय, एकाच अध्यायात घेतले आहेत.

अंतर्गळाविषयी बोलायचे, तर आतडे उतरले असल्यास सूज बहुधा आडवे झाल्यावर कमी होते व खोकताना वाढते. हायड्रोसीलमध्ये अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च धरला की सूज आतून लालसर उजळते. मात्र एवढ्यावर घरी निदान करू नये. अचानक तीव्र वेदना झाल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. सुई लावून पाणी काढले तरी ते बहुधा पुन्हा भरते. शस्त्रक्रियेचा गुण टिकतो.

धानाचा बांध
आपणा दोघांचे आभार. डॉक्टरांनी दिवे मालवून टॉर्च का लावला, हे आत्ता कळले. बाबांना तर वाटले होते की वीज गेली. रात्रीच्या रक्ततपासणीविषयी सोमवारी विचारतो.