भूल, गुंगी, बधिर आणि अरिवळिके

खानापूरहून प्रश्न:
भाच्याचं हर्नियाचं ऑपरेशन बेळगावात झालं. सहीचा कागद कन्नड आणि इंग्रजीत, मराठी नाही; ते नेहमीचंच. त्यात 'अरिवळिके' असा शब्द होता. मी आजीला सांगितलं, भूल देणार आहेत. पुढचा प्रश्न होता, घराण्यात आधी कुणाला भुलीचा त्रास झालाय का? आजी लगेच म्हणाली, "तुझ्या आजोबांना पडायची की भूल, जांबोटीच्या रानात. रात्रभर तिथंच फिरायचे." डॉक्टरीणबाई हसल्या, आणि हसून झाल्यावर तोच प्रश्न परत विचारला. 'भूल'पेक्षा नेमका शब्द आहे का आपल्याकडे?

शहापूर, बेळगाव:
कन्नडात अरिवु म्हणजे जाणीव, आणि अळि म्हणजे नाहीसं होणं. सरळ अर्थ. आपल्या पुस्तकांत 'संज्ञाहरण' आणि दवाखान्याच्या पाटीवर 'बधिरीकरणशास्त्र'. पण दात काढताना हिरडी बधिर होते, माणूस टक्क जागा असतो. गुंगी म्हणाल, तर ती रेल्वेत बिस्किटातून देतात!

निपाणी (मी भूलतज्ज्ञ आहे):
हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत, ते टेबलावर रोज दिसतं. लहान मुलाला सुई टोचण्याआधी मास्क धरून सेव्होफ्लुरेन हे हुंगायचं भुलीचं औषध देते. त्याचा वास उग्र नसतो. "फुगा फुगव बघू," म्हणायचं. थोड्या श्वासांनी डोळे भिरभिरतात, पोर हातपाय झाडतं, आई घाबरते. ती गुंगी. मग हात सैल पडतो. ती भूल.

बाटलीत ते पातळ औषध असतं, यंत्रात वाफ होते. मोठ्या माणसाच्या श्वासात साधारण २ टक्के असलं, की निम्मे रोगी चिरा दिला तरी हलत नाहीत. फुप्फुसातून रक्तात, रक्तातून मेंदूत. आणि बहुतेक सगळं त्याच वाटेने, श्वासावाटे बाहेर. अंमल असेपर्यंत रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं, श्वास उथळ आणि भरभर होतो, म्हणून आम्ही उशाशी बसून असतो. जाग आल्यावर मळमळ, कुडकुडणं. ('अंमल' हा शब्द मला फार आवडतो. राज्य आल्यासारखं येतं आणि जातं.)

आजींना प्रश्न परत का विचारला, तेही सांगते. काही घराण्यांत या वाफेने स्नायू ताठरतात आणि अंग भयंकर तापतं. क्वचित, पण जिवावरचं. डँट्रोलिन नावाचं औषध त्यावर आहे. पण आधी कळलं, तर ही वाफच टाळता येते.

पाठीत सुई देऊन कमरेखाली बधिर करतो, त्याला सगळे 'अर्धी भूल' म्हणतात. शब्द चूकच, पण मीही तेच म्हणते. नाहीतर पेशंटला समजत नाही.

शहापूर, बेळगाव:
डॉक्टर, आमच्या घरात जुनी माणसं 'क्लोरोफॉर्म हुंगवला' म्हणायची. डॉक्टर सिम्प्सनने एडिंबरोत १८४७ साली बाळंतपणात वापरला, तोच हा. औषध गेलं, क्रियापदही गेलं. वाट कुठली ते 'हुंगवणे' एका शब्दात सांगतं, 'भूल देणे' सांगत नाही.

खानापूर:
हे सगळं आजीला वाचून दाखवलं. म्हणाली, "मग तसं विचारायचं की. आधी कुणाला हुंगवलेलं सोसलं नव्हतं का म्हणून."