मदत हवी आहे: हडसन नदीवरून विमानाने मॅनहॅटन दाखवायचंय, क्लिअरन्स (हवाई हद्दीत शिरायची परवानगी) कुणाकडे मागायचं?

खारावारा
पुढच्या शनिवारी आईबाबांना विमानातून मॅनहॅटन दाखवायचं ठरवलंय. त्यानंतर लगेच ते भारतात परत जातायत, त्यामुळे दुसरा मुहूर्त नाही. चार्ट उघडून बसलोय, पण केनेडी, लाग्वार्डिया आणि न्यूअर्क तिन्ही विमानतळांची क्लास बी (परवानगीनेच शिरता येणारी हवाई हद्द) एकमेकांत इतकी गुंतलीय की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. क्लिअरन्स कुणाकडे मागायचं? फ्लाइट प्लॅन फाइल करावाच लागतो का? लिबर्टीच्या पुतळ्याभोवती एक-दोन चकरा मारता येतील ना? विमान बुक झालंय. जाणकारांनी कृपया लवकर सांगावं.

निंबोणी
कुठून उडणार? कुठलं विमान? किती माणसं? कॉरिडॉरमधून जायचंय की क्लास बीतून? या दोन्हींची उत्तरं पूर्ण वेगळी आहेत.

एडिसनकर
एवढा खटाटोप कशाला? मॅनहॅटनहून हेलिकॉप्टरची टूर घ्या. आमच्या साडू-मेव्हण्यांना दोनदा नेलं, फोटो अप्रतिम येतात. पायलटला रोजची सवय असते.

पारवा
@एडिसनकर, त्यांनी टूर विचारलेली नाही. आणि रोजची सवय म्हणजे सुरक्षितता असं गणित मांडू नका. १० एप्रिल २०२५ ला टूरचंच हेलिकॉप्टर जर्सी सिटीजवळ हडसनमध्ये कोसळलं, सहाही जण गेले.

खारावारा
सेसना १७२, न्यू जर्सीतल्या कॉल्डवेलहून. लायसन्स अर्थातच आहे, प्रायव्हेट. मी, आई, बाबा आणि धाकटा भाऊ. कॉरिडॉर म्हणजे नदीवरचाच ना? तो क्लास बीतच येतो असं मला वाटत होतं.

पारवा
नाही येत. नदीवर पाण्यापासून १३०० फुटांच्या खालपर्यंतचा पट्टा क्लास बीतून वगळलेला आहे, उत्तरेला अल्पाइन टॉवरपासून दक्षिणेला व्हेराझानो पुलापर्यंत. तिथे क्लिअरन्स लागत नाही, कुणी देतही नाही. फ्लाइट प्लॅनचीही सक्ती नाही. एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) तुमच्यासाठी दुसरी विमानं बघत बसलेलं नसतं, म्हणून नियम पाठ हवेत:

१२३.०५ या रेडिओ फ्रिक्वेन्सीवर स्वतः घोषणा करायची. चार्टवर छापलेल्या प्रत्येक सक्तीच्या ठिकाणी (अल्पाइन टॉवर, जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज, इंट्रेपिड जहाज, पुतळा, व्हेराझानो वगैरे) विमानाचा प्रकार, जागा, दिशा, उंची. रंगही सांगा, कारण समोरचा तुमचा रजिस्ट्रेशन नंबर नाही, पांढरं सेसना शोधत असतो. दक्षिणेकडे जाताना न्यू जर्सीचा किनारा, उत्तरेकडे येताना मॅनहॅटनचा. वेग १४० नॉटच्या आत, १७२ ला तो प्रश्नच नाही. दिवे चालू. न्यूयॉर्कचा ताजा टर्मिनल एरिया चार्ट विमानात हवाच.

आरपार जाणाऱ्यांनी १००० ते १३०० फुटांच्या मध्ये राहायचं, खाली टूरची हेलिकॉप्टरं असतात. ही विभागणी उगाच आलेली नाही. ८ ऑगस्ट २००९ ला एक पायपर विमान आणि एक टूर हेलिकॉप्टर नदीवर धडकले, नऊ जण गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून हे नियम लागू झाले.

शिडाची होडी
मी उलट सल्ला देईन. पहिल्यांदा जाताय आणि मागे घरची माणसं आहेत, तर कॉरिडॉर सोडा आणि स्कायलाइन रूट घ्या. तीच नदी, पण वरून, क्लास बीत, १३०० ते २००० फूट. क्लिअरन्स टॉवरकडून: उत्तरेकडून शिरताना लाग्वार्डिया, दक्षिणेकडून न्यूअर्क. रडारवर कुणीतरी तुम्हाला बघतंय, ट्रॅफिक सांगतंय. मी नेहमी हाच घेतो.

पारवा
आणि टॉवरने "अनेबल" (जमणार नाही) म्हटलं तर? शनिवारच्या गर्दीत हे सहज होतं. मग अल्पाइनच्या वर घिरट्या घालत बसायचं, की ऐनवेळी कधी न वाचलेल्या कॉरिडॉरमध्ये उतरायचं? म्हणून कॉरिडॉरची तयारी करूनच निघायला हवं. शिवाय दृश्य म्हणाल तर वन वर्ल्ड ट्रेड सेंटर १७७६ फूट आहे. ११०० फुटांवरून जाताना त्याच्या माथ्याकडे मान वर करून बघावं लागतं. २००० वरून ते मिळत नाही.

शिडाची होडी
दृश्यासाठी धोका वाढवायचा नसतो, एवढंच माझं म्हणणं. उन्हाळ्यात धूसर हवेत समोरचं विमान किती उशिरा दिसतं ते मी अनुभवलंय. नियमाने तीन मैलांची दृश्यता पुरते, पण मी दहापेक्षा कमी असेल तर निघत नाही. आणि "क्लिअर्ड इनटू द ब्रावो" (क्लास बीत शिरायला परवानगी) हे शब्द कानांनी ऐकल्याशिवाय १३०० ओलांडायचं नाही. टॉवरने नुसता स्क्वॉक नंबर (रडारवर ओळखायचा आकडा) दिला म्हणजे परवानगी मिळाली असं नव्हे.

पारवा
शेवटच्या वाक्याला +१. म्हणूनच कॉरिडॉरमध्येही ११००-१२०० धरा. अगदी १००० वर खालचं हेलिकॉप्टर नको आणि १२९० वर अल्टिमीटरची (उंची दाखवणाऱ्या यंत्राची) चूक नको. निघताना जवळच्या विमानतळाचं अल्टिमीटर सेटिंग घ्या.

निंबोणी
पुतळ्याभोवतीच्या चकरांचं कुणी बोलत नाहीये. नियमात "ट्रान्झिएंट" म्हणजे कॉरिडॉर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पार करणारं विमान. मध्ये थांबून पर्यटन करणारं विमान "लोकल" मध्ये मोडतं, म्हणजे हेलिकॉप्टरांच्या थरातलं. चार माणसं घेऊन तिथे, कमी उंचीवर, मान खिडकीकडे वळवून वळणं घेणं मला अजिबात पटत नाही. पुतळा जाताना आणि येताना मिळून दोनदा दिसतो. तेवढं पुरे.

आता दुसरं. चार मोठी माणसं आणि १७२? मॉडेल कुठलं? १७२एस चं कमाल वजन २५५० पौंड, आणि टाक्या भरल्या की वापरता येणारं ५३ गॅलन इंधनच ३१८ पौंड होतं. वेट अँड बॅलन्स (वजन आणि त्याच्या तोलाचा हिशोब) केलाय का?

मोरपंखी
खर्च आईबाबांकडून घेऊ नका बरं का. प्रायव्हेट लायसन्सवर पैसे घेता येत नाहीत.

पारवा
अर्धं बरोबर. खर्चाचा स्वतःचा समान वाटा पायलटने उचलला तर इंधन, भाडं, विमानतळाचं शुल्क वाटून घेता येतं. पण हा प्रश्न कुणी विचारलेला नाही.

गच्चीवरचा
मुंबईत असं काही करता येईल का हो? जुहूवरून उडून मरीन ड्राइव्ह, वरळी, वांद्रे... जेआरडी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानातून जुहूलाच उतरले होते. त्या धावपट्टीवरून आज सामान्य माणसाला शहर बघता यावं अशी फार इच्छा आहे.

निंबोणी
चांगला विषय आहे, पण वेगळा धागा काढा. इथे शनिवार जवळ येतोय.

एडिसनकर
माझा मुद्दा राहिलाच. इंजिन बंद पडलं तर? पायलट सली यांनी १५ जानेवारी २००९ ला प्रवासी विमान हडसनवर उतरवलं, १५५ जण वाचले, पण ते सली होते.

शिडाची होडी
हा प्रश्न मात्र योग्य आहे. ११०० फुटांवर विचार करायला वेळच मिळत नाही. लाइफ जॅकेट सगळ्यांना उडण्याआधी अंगावर घालायला लावा, सीटखाली ठेवू नका. पाण्यात शिरण्याआधी दार किंचित उघडायचं, जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवायचं, हे आईबाबांना जमिनीवर मराठीत नीट समजावून सांगा. घाबरतील म्हणून टाळू नका.

खारावारा
सर्वांचे आभार. १७२एस च आहे. आकडे मांडले, चौघं आणि भरलेल्या टाक्या बसत नाहीत. भाऊ खाली थांबायला तयार आहे. चकरा रद्द. कॉल्डवेलहून टेटरबरो विमानतळाच्या क्लास डी हद्दीला वळसा घालून उत्तरेला, मग अल्पाइनवरून दक्षिणेला, व्हेराझानोच्या पलीकडे वळून परत वर, असं योजलंय. ईस्ट रिव्हर पण जोडू का? आईला ब्रुकलिन ब्रिज बघायचाय.

पारवा
नको. ऑक्टोबर २००६ मध्ये तिथे सिरस जातीचं छोटं विमान इमारतीवर आदळलं, तेव्हापासून चाकांच्या विमानाला एटीसीच्या परवानगीशिवाय तिथे जाता येत नाही. पट्टा अरुंद आहे आणि पुढे वाट बंद होते. ब्रुकलिन ब्रिज पायी दाखवा.

तुम्ही कॉरिडॉरमधून आधी कधी गेलायत का, हे अजून सांगितलं नाहीत.

खारावारा
नाही, कधीच नाही.

पारवा
मग उजव्या सीटवर कॉरिडॉर ओळखणारा सीएफआय (उड्डाण प्रशिक्षक) बसवा, आईबाबा मागे. भाऊ थांबला तरी पुन्हा चौघं होतात, म्हणून टाक्या पूर्ण भरू नका, वेट अँड बॅलन्स नव्याने मांडा. त्याआधी एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक यंत्रणेच्या) सेफ्टी संकेतस्थळावरचा न्यूयॉर्क स्पेशल फ्लाइट रूल्सचा मोफत कोर्स करा, एका संध्याकाळीही होतो. गेल्या ९० दिवसांतली तीन टेकऑफ-लँडिंग पूर्ण आहेत ना, तेही बघा.

शिडाची होडी
सीएफआय असेल तर कॉरिडॉरला माझा विरोध मागे. स्कायलाइनची फ्रिक्वेन्सी मात्र गुडघ्यावरच्या पॅडवर लिहून ठेवा.

खारावारा
एका सीएफआयशी बोलणं झालं, शनिवारी मोकळे आहेत. आईला कुठल्या बाजूला बसवू? दुपारी निघायचा विचार आहे.

निंबोणी
दक्षिणेकडे जाताना मॅनहॅटन डावीकडे, नदीपलीकडून सबंध दिसेल. परतताना उजवीकडे, अगदी जवळ. आईला उजवीकडे बसवा, बाबांना आधीचा देखावा मिळेल.

दुपारचं मात्र आधी तपासा. यांकी स्टेडियमवर सामना असेल तर एक तास आधीपासून संपल्यावर एक तासापर्यंत तीन नॉटिकल मैल आणि ३००० फुटांचं बंद वर्तुळ असतं, आणि जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजच्या आसपासची नदी त्यात येते. राष्ट्राध्यक्ष शहरात असले तर टीएफआर (तात्पुरती उड्डाणबंदी) याहून कितीतरी मोठा. आदल्या रात्री नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) बघा आणि निघताना पुन्हा बघा. सामना असलाच तर सकाळी लवकर जा. हवाही तेव्हा शांत असते, आईला मळमळणार नाही.