राजा चारी यादीत होते, मग आर्टेमिस-२ मध्ये का नाहीत?

गणिताच्या बाई (मेहकर)

आमच्या वर्गात नासाने आर्टेमिस चंद्रमोहिमांसाठी २०२० साली जाहीर केलेल्या १८ अंतराळवीरांचा तक्ता लावलाय. त्यात राजा चारी आहेत. त्यांचे वडील हैदराबादचे, म्हणून मुलींनी त्यांच्या फोटोभोवती लाल पेनाने चौकट केलीय. पण चंद्राला वळसा घालण्याच्या आर्टेमिस-२ मोहिमेसाठी जे चौघे निवडले गेले त्यांत या तक्त्यातले दोघेच, व्हिक्टर ग्लोव्हर आणि क्रिस्टिना कोच. कमांडर रीड वाइजमन तक्त्यात नाहीत, कॅनडाचे जेरेमी हॅन्सनही नाहीत. हॅन्सन तर निवड झाली तोवर एकदाही अंतराळात गेले नव्हते. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, मेरिट लिस्ट डावलली का?" तिला कसंबसं उत्तर देऊन वेळ मारून न्यायची नाही. जाणकारांनी सांगावं.

लाँगेकर

नमस्कार बाई. मी माँट्रियलजवळ राहतो, कॅनडाच्या अंतराळ संस्थेचं मुख्यालय आमच्याच भागात आहे. हॅन्सनबद्दल मला मनापासून बोलायचंय, पण आधी यादीचं सांगतो.

ती यादी ९ डिसेंबर २०२० ला आली, तेव्हाच नासाने सांगितलं होतं की पुढे आणखी नावं येतील, परदेशी सहकाऱ्यांचीसुद्धा. ऑगस्ट २०२२ मध्ये तर सेवेतले सगळे ४२ अंतराळवीर पात्र धरले गेले. वाइजमन तेव्हा अंतराळवीरांचे प्रमुख होते आणि त्या पदावर असेपर्यंत उड्डाण मिळत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी पद सोडलं, ३ एप्रिल २०२३ ला नाव जाहीर झालं.

दुसरं म्हणजे ही मोहीम चंद्रावर उतरण्याची नाही, चाचणीची आहे. आधी पृथ्वीभोवती लांबट कक्षेत साधारण दिवसभर थांबायचं, चौघांचं ओरायन यान हाताने चालवून सुट्या झालेल्या रॉकेटच्या टप्प्याजवळ न्यायचं, मागे घ्यायचं. मग चंद्राला वळसा, तोही अशा वाटेने की चंद्राचं गुरुत्वच यान पृथ्वीकडे वळवेल. वाइजमन आणि ग्लोव्हर दोघेही नौदलाचे टेस्ट पायलट आहेत ते यासाठी. श्वासाची हवा शुद्ध ठेवणारी यंत्रणा माणसांसह या यानात प्रथमच तपासायची, तिथे कोच. त्या विद्युत अभियंता, आणि सलग ३२८ दिवस अवकाश स्थानकात राहिलेल्या. चारी कशातच कमी नाहीत, अवकाश स्थानकावर गेलेल्या क्रू-३ मोहिमेचे ते कमांडर होते. पण चौघांची टीम बांधताना एकेकाचे गुण मोजून वरचे चार उचलत नाहीत. मुलीला हे नक्की सांगा.

आता हॅन्सन. ऑन्टारियोतल्या एल्सा क्रेग गावाजवळच्या शेतावर वाढलेला मुलगा. सोळाव्या वर्षी ग्लायडरचा परवाना, सतराव्या वर्षी विमानाचा, पुढे सीएफ-१८ लढाऊ विमानं. २००९ साली अंतराळवीर म्हणून निवड झाली आणि मग वाट बघणं सुरू झालं. अवकाश स्थानकाच्या खर्चात कॅनडाचा वाटा जेमतेम सव्वादोन टक्क्यांचा, त्यामुळे जागाही क्वचितच मिळते. त्यांच्याच बरोबर निवडलेले दाव्हीद सेंट-जाक २०१८ च्या डिसेंबरात अंतराळात गेले. हॅन्सन जमिनीवरच राहिले. या काळात त्यांनी सार्डिनियाच्या गुहांत प्रशिक्षण घेतलं, समुद्राच्या तळाशी आठवडाभर राहिले, ह्यूस्टनमधून अंतराळातल्यांशी बोलण्याची ड्यूटी केली. २०१७ मध्ये नासाने आपल्या नव्या तुकडीचं प्रशिक्षण त्यांच्याकडे सोपवलं, असा मान मिळालेले ते पहिले कॅनेडियन. आणि बाई, त्या तुकडीत कोण होतं माहितीय? राजा चारी. म्हणजे ज्यांच्या फोटोला तुमच्या मुलींनी चौकट केलीय, त्यांच्या प्रशिक्षणाचं वेळापत्रक हॅन्सन यांच्या हातात होतं.

त्यांची जागा कॅनडाने कमावलेली आहे. १९८१ पासून नासाच्या शटल यानांवर कॅनडार्म हा यांत्रिक हात, २००१ पासून स्थानकावर कॅनडार्म-२. डिसेंबर २०२० च्या करारात चंद्राभोवतीच्या गेटवे स्थानकासाठी कॅनडार्म-३ द्यायचं ठरलं आणि त्या बदल्यात आर्टेमिस-२ मधली एक जागा. इथल्या पाच डॉलरच्या निळ्या नोटेवर कॅनडार्म-२ छापलेला आहे. भाजी घेताना तो आमच्या हातात येतो. चंद्रमोहिमांच्या सामायिक तत्त्वांचा जो आर्टेमिस करार आहे, त्यावर सह्या बऱ्याच देशांनी केल्या, भारताने जून २०२३ मध्ये केली. पण नुसत्या सहीने जागा मिळत नाही. त्यासाठी ज्याच्यावाचून इतरांचं अडेल असं काहीतरी बनवून द्यावं लागतं. आपल्याकडे ती कुवत आहे असं मला ठामपणे वाटतं.

दगडमाती

भूगर्भशास्त्राची विद्यार्थिनी आहे, एक भर घालते. सप्टेंबर २०२३ मध्ये हॅन्सन आणि कोच लॅब्राडोरमधल्या मिस्टास्टिन विवरात दगड ओळखायला शिकायला गेले होते. तिथे ॲनॉर्थोसाइट नावाचा खडक सापडतो, चंद्राच्या पांढुरक्या डोंगराळ भागात असतो तसा. चंद्रावरचे काळे डाग मात्र बसाल्टचे, आणि बसाल्टमध्ये उल्केच्या आघाताने झालेलं विवर बघायचं तर बाई, लोणार तुमच्याच जिल्ह्यात आहे! व्यास साधारण १.८ किलोमीटर. सत्तरच्या दशकात परदेशी शास्त्रज्ञांनी ते चंद्रावरच्या विवरांशी ताडून पाहण्यासाठीच अभ्यासलं होतं. सहल नेलीत तर सरळ खाली तळ्याकडे पळू देऊ नका. आधी काठावर थांबवा आणि वर उचकटले गेलेले थर दाखवा. दगड मात्र उचलू देऊ नका, अभयारण्य आहे.

गणिताच्या बाई (मेहकर)

दोघांचेही आभार. लोणारला दर वर्षी जातो, पण काठावर थांबून थर कधी बघितले नव्हते. लाँगेकर, आणखी एक. मुली विचारतायत, विमान न चालवणाऱ्या बाईला अशी संधी मिळते का?

लाँगेकर

मिळते की. कोच लष्करी वैमानिक नाहीत. आणि हॅन्सन यांना ऐनवेळी जाता आलं नाही तर त्यांच्या जागी तयार ठेवलेल्या जेनी गिबन्स यांत्रिकी अभियंता आहेत, केंब्रिजमध्ये शिकवायच्या. त्यांचा विषय ज्वलन, म्हणजे ज्योत कशी पसरते त्याचा अभ्यास. त्याही २०१७ च्याच तुकडीतल्या. तक्त्यावर जागा असेल तर त्यांचाही फोटो लावा.