टाउनशिप म्हणजे शहर नव्हे
'टाउनशिप म्हणजे छोटंसं शहर' असं अनेकांना वाटतं, पण ते इंग्लंडच्या उत्तर भागाला लागू पडत नाही. तिथे टाउनशिप म्हणजे पॅरिशचा एक पोटभाग. तिथल्या पॅरिश, म्हणजे एकेका मुख्य चर्चच्या अखत्यारीतले मुलूख, अवाढव्य. लँकेशायरमधल्या एकट्या वॉली पॅरिशमध्ये चाळीसच्या वर टाउनशिप होत्या. पॅरिशचं मुख्य चर्च एकच, पण गरिबांना पोसण्याचा कर ज्याची त्याची टाउनशिप गोळा करायची. असा स्वतंत्र कर लावणाऱ्या प्रत्येक ठिकाणाला १८६६ च्या कायद्याने सिव्हिल पॅरिश, म्हणजे चर्चऐवजी कारभारापुरती पॅरिश, ठरवलं, म्हणून जुन्या नकाशात मूठभर घरांचीही पॅरिश दिसते.

या करातली खरी गोम मात्र वेगळीच होती. सगळी जमीन एकाच मालकाची असली की तो मजुरांसाठी घरं बांधायचं टाळायचा, कधी असलेलीही पाडायचा. गरीबच नाहीत तर कर कसला! मग मजूर शेजारच्या 'खुल्या', म्हणजे अनेक मालकांच्या, गावात दाटीवाटीने राहायचे आणि रोज मैलोन्‌मैल तुडवत कामाला यायचे. १८५१ च्या जनगणनेच्या वह्यांत त्यांच्या नावापुढे नुसतं 'ॲग लॅब' खरडलेलं सापडतं, म्हणजे शेतमजूर. १८६५ साली हा खर्च अनेक पॅरिश मिळून झालेल्या युनियनवर गेला, तेव्हा कुठे घरं पाडण्यातला फायदा संपला.