धावायला काय लागतं? माझे 61,700 लागले

पहाटवारा (पुणे): परवा बायकोने सहज विचारलं, "रस्त्यावर पळायला पैसे कसले?" म्हणून वर्षाचा हिशोब मांडला. बुटांचे दोन जोड 17,500. घड्याळ 22,000. चार हाफ मॅरेथॉनची नोंदणी 8,200. त्यातल्या साताऱ्याच्या घाटातल्या शर्यतीसाठी लॉज, पेट्रोल, जेवण 6,400. गुडघ्यासाठी फिजिओ 4,500. पळताना चोखायची एनर्जी जेल, मोजे, टोपी वगैरे 3,100. कोण म्हणतं हा गरिबाचा खेळ?

माणदेशी: घड्याळ धावतं की तुम्ही? आमच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला गेली, दहावी आली. सावरपाड्याच्या कविता राऊतने सुरुवात अनवाणी केली आणि 2010 ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्य घेतलं. तुमच्या यादीत बूट सोडले तर सगळी हौस आहे. हौसेला मोल नसतं, पण त्याला धावण्याचा खर्च म्हणू नका.

पहाटवारा: हौस तर हौस. पण सातशे किलोमीटर झाले की बुटाचा तळ बसतो आणि गुडघा बोलायला लागतो. 44 वय आहे माझं. मी अनवाणी पळालो तर फिजिओचं घर चालेल.

भरतीवाला: दोघंही चुकताय. मी गावात पोलीस भरतीच्या पोरांना पळवतो. 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत मारलं तर पैकीच्या पैकी, 20 गुण. घड्याळ एकच, माझ्या हातात. पोरगं महिनाभर जोर लावतं, मग पायाची नळी दुखते म्हणून बसतं. बूट पाचशेचे असतात हे खरं, पण पहिलं कारण पोटात असतं. सकाळी दहा किलोमीटर, वर चहा-खारी, आणि मग दिवसभर उसात काम. दूध, चार अंडी, भिजवलेले हरभरे, गुळ-शेंगदाणे एवढाच खुराक धरला तरी रोज शंभराची नोट. महिन्याचे तीन हजार. त्या घरात तीन हजारांत किराणा येतो. माणदेशी, अनवाणी पोरींची नावं आपल्याला पाठ असतात. खुराकावाचून घरी बसलेल्या पोरी कुणी मोजल्या?

निशिगंधा: आणि पहाटे पाचला अंधारात बाईने एकटीने पळायचं? मी महिना 1,500 भरून ग्रुपमध्ये जाते. प्रशिक्षणासाठी नाही, सोबतीसाठी. नवरा त्याच रस्त्यावर फुकट पळतो.

माणदेशी: खुराकाचं मान्य. पण घड्याळाचं नाही म्हणजे नाही.

भरतीवाला: पहाटवारा, जुने बूट टाकून देऊ नका. तुमच्या सातशे किलोमीटरनंतरही आमच्याकडच्यांपेक्षा बरे असतील. नऊ नंबरची दोन पोरं आहेत.

पहाटवारा: माझा आठ आहे हो.

भरतीवाला: आठचीही आहेत. पाठवा.