परदेशी निधी मिळतोय, मच्छीमार सोसायटीने नेमकं काय मागावं?

उकाईकाठ (ता. नवापूर):
नमस्कार मंडळी. उकाई धरणाच्या फुगवट्यावर आमची मच्छीमार सोसायटी आहे, मी तिचा सेक्रेटरी. धरणात ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांचीच पोरं-नातवंडं सभासद आहेत. जिल्ह्यातली एक संस्था म्हणते, युरोपातून तीन वर्षांसाठी निधी येतोय, 'मासेमारी व्यवस्थापनाची क्षमता वाढवायला'. काय पाहिजे ते लिहून द्या. बैठकीत सगळे एका सुरात बोलले, होड्या आणि जाळी.

माझं मन घेत नाही. गेल्या जुलैत साडेचार किलोची कटला आली. पोट चिरलं तर अर्ध्या किलोच्या वर गाभोळी. नव्या पाण्याला अंडी घालायला वर निघालेली मासळी आम्हीच वाटेत मारली. त्याच आठवड्यात एका पोराच्या जाळ्यात करंगळीएवढी बोटुकली सापडली, आम्हीच पैसे भरून सोडलेली. वर्षाला किती मासा निघतो ते कोणालाच ठाऊक नाही. व्यापारी तोलेल तेवढं वहीत चढतं. मागे एका संस्थेने दोन दिवसांचं शिबिर घेतलं, टोप्या वाटल्या, फोटो काढले. पुन्हा तसंच नको. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

तापीबाबा (धुळे):
भाऊ, तुमनी गोठ खरी शे. मी मत्स्यव्यवसाय खात्यातून निवृत्त झालो. केरळात कोल्लमजवळ नींदकरा इथे नॉर्वेच्या मदतीचं काम 1953 साली सुरू झालं. इंजिनाच्या होड्या, बर्फाचा कारखाना, नळाचं पाणी, दवाखाना, सगळं त्यात होतं. हेतू गरीब कोळ्यांचं भलं व्हावं हाच. पुढे कोळंबी अमेरिकेला जायला लागली तसा ट्रॉलरमध्ये, म्हणजे तळातून जाळं ओढणाऱ्या मोठ्या बोटींत, बाहेरच्यांचा पैसा शिरला. छोट्या होडीवाल्यांना मासा मिळेना, आंदोलनं झाली, आणि 1988 मध्ये सरकारला पावसाळ्यात ट्रॉलिंग बंद करावं लागलं. मासा पकडायची ताकद आधी आली, राखायचा नियम पस्तीस वर्षांनी. होड्या मागाल तर तुमच्याकडेही जाळी वाढतील, पाणी तेवढंच राहील.

शहाद्याची (मत्स्यशास्त्र, शेवटचं वर्ष):
दादा, बांगलादेशाचं हिलसा माशाचं काम बघा. तिथे 2014 पासून अमेरिकेच्या यूएसएड या सरकारी मदतसंस्थेच्या पैशातून वर्ल्डफिश ही संशोधन संस्था सरकारी खात्यासोबत उभी राहिली. अभ्यास करायला आणि मच्छीमारांचे गट बांधायला परदेशी हात होता. पण ऑक्टोबरातली 22 दिवसांची मासेमारीबंदी तिथलं सरकारच लावतं आणि त्या दिवसांत घरटी तांदूळही तेच देतं. 2025 मध्ये यूएसएडच बंद झाली. परदेशी पैसा असाच एका दिवसात थांबतो, म्हणून बंदीतली चूल त्यावर ठेवू नका. तुम्ही माणूस मागा: काठावर उभं राहून रोज जात, लांबी, वजन लिहिणारा. आणि जाळ्याच्या आसाचं, म्हणजे छिद्राचं, माप ठरवा, बारीक आस बंद करा.

हिशोबनीस (नंदुरबार):
एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. पैसा सोसायटीच्या खात्यात येणार नाही. एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली देणगी आधी संस्थेच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या खात्यात येते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या कोणाला वळती करता येत नाही. प्रशासकीय खर्चही 20 टक्क्यांवर नेता येत नाही. म्हणजे खर्च संस्थाच करणार. मासे तोलायचा काटा कोणाच्या ताब्यात, वह्या कोणाच्या कपाटात, तीन वर्षांनी कोणाकडे राहणार, हे आत्ताच कागदावर घ्या. नाहीतर तुमच्याच माशाच्या नोंदी त्यांच्या ऑफिसात राहतील.

उकाईकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबा, नींदकऱ्याचं काल बैठकीत वाचून दाखवलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक म्हातारे सभासद म्हणाले, आमच्या वेळी पाग टाकला तर वाम, मरळ हमखास यायची, आता निव्वळ चिलापी.

ठरलं असं: मासळी उतरवायच्या दोन्ही उतारांवर एकेक काटा आणि नोंद ठेवायला एकेक माणूस. मानधन तीन वर्षं निधीतून, पण सोसायटीने पहिल्या दिवसापासून किलोमागे एक रुपया बाजूला काढायचा, म्हणजे चौथ्या वर्षी तो माणूस घरी बसणार नाही. बोटुकली ज्याच्या जाळ्यात आली तो पोरगा दहावी झालाय, एका उतारावर तोच बसायला तयार आहे. अंडी घालायच्या दिवसांत, जुलै-ऑगस्टला, मासेमारी बंद ठेवण्यावर मात्र एकमत झालं नाही. ज्यांच्याकडे शेतीचा तुकडाही नाही त्यांनी ते दोन महिने काय खायचं, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शहाद्याच्या ताई, कटला किती लांबीच्या आत असली तर परत सोडायची? ते माप काट्याशेजारी भिंतीवर रंगवून घेतो.